पाटी काढलेला भाडेकरू



आमच्या क्षेत्रात एक रामबाण उपाय आहे: रीस्टार्ट. मशीन हळू चालतंय? रीस्टार्ट. डिस्क भरली? रीस्टार्ट. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तो लागूही पडतो. त्रास जातो, पण तो कशामुळे होता, हे कळायची सोयही त्याच्याबरोबर जाते. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर आधी विचारून घेता येतं. फक्त कोणाला काय विचारायचं ते माहीत हवं.

साधी फाइल शोधायची घ्या. 'लोकेट' क्षणात उत्तर देतं, कारण ते आधी करून ठेवलेली यादी बघतं. ती यादी साधारणपणे दिवसातून एकदा ताजी होते, त्यामुळे दहा मिनिटांपूर्वी जन्मलेली फाइल तिच्यात नसते. 'फाइंड' पोस्टमनसारखं दारोदार फिरतं. वेळ घेतं, पण आत्ताचं खरं सांगतं. "गेल्या २४ तासांत बदललेल्या, १०० एमबीपेक्षा मोठ्या फाइली दाखव" असंही त्याला विचारता येतं.

तेच 'टॉप'चं. त्यात वरच्या ओळीत लोड अॅव्हरेजचे तीन आकडे असतात: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. लोड वीसवर गेला की लोक सीपीयूला शिव्या घालतात. पण लिनक्स या आकड्यात डिस्कची वाट बघत ताटकळलेल्या प्रोसेसही धरतं. सीपीयू निवांत आणि लोड मोठा असेल, तर रांग बहुधा दुसऱ्याच खिडकीवर आहे असं समजावं.

आता डिस्क. 'डीएफ' म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी. त्याला विचारा, तो रजिस्टर बघून किती फ्लॅट भरलेत ते सांगतो. 'डीयू' जिने चढून दारावरच्या पाट्या मोजतं. दोघांचा हिशोब साधारण जुळायला हवा. नाही जुळला तर? तर बिल्डिंगमध्ये कोणीतरी असा भाडेकरू आहे, ज्याची पाटी काढलीय पण जो आतच राहतोय.

२०१९ च्या दिवाळीआधी आम्हाला असा एक भेटला. एका क्लायंटची ऑनलाइन विक्री जोरात होती. संध्याकाळपासून पेमेंटच्या जोडणीत काहीतरी बिनसलं होतं: गिऱ्हाइकाचे पैसे कापले जात, पण ऑर्डर नोंदली जात नसे. असा प्रत्येक व्यवहार लॉगमध्ये सविस्तर उतरत होता, आणि लॉग फुगत फुगत ८० जीबीची डिस्क भरली. फोनवरून वरिष्ठांचा हुकूम आला, "लॉग उडव." टीममधल्या नव्या पोराने उडवला. तरी डीएफ म्हणतंय, डिस्क १०० टक्के भरलेली. रात्री साडेअकराला दुसरा हुकूम: "रीस्टार्ट मारा." आणि त्याच सुमारास क्लायंटची मेल आली, कोणाकोणाचे पैसे अडकलेत त्याची यादी द्या.

यादी होती फक्त त्या लॉगमध्ये. पोराचा चेहरा बघवत नव्हता. "सर, ती फाइल तर मीच डिलीट केली. माझं प्रोबेशन चालू आहे."

म्हटलं, "अरे, थांब. आधी डीयू चालव."

डीयूचा आकडा आला ४२ जीबी. म्हणजे ३८ जीबीचा भाडेकरू बिनपाटीचा! कारण सरळ आहे. लिनक्समध्ये फाइल डिलीट करणं म्हणजे तिचं नाव काढणं. तिची शेवटची पाटी निघाली तरी एखाद्या चालू प्रोसेसने ती उघडी धरली असेल, तर मजकूर जागचा हलत नाही. प्रोसेसने हात सोडला की मगच जागा मोकळी होते. म्हणून जागा सुटली नव्हती. आणि म्हणूनच यादी अजून जिवंत होती.

'एलएसओएफ' उघड्या फाइलींची जंत्री देतं, आणि त्यातल्या बिनपाटीच्या तेवढ्या वेगळ्या काढून दाखवतं. त्यात आमचा लॉग आणि प्रोसेसचा नंबर मिळाला. पुढचं काम 'प्रॉक'चं. ही डिरेक्टरी डिस्कवर नसतेच, विचारलं की कर्नल जागच्या जागी उत्तर तयार करतो. चालू प्रोसेस फाइलींसारख्या वाचता याव्यात ही कल्पना टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये युनिक्ससाठी मांडली होती. प्रॉकमध्ये त्या प्रोसेसच्या खोलीत गेलो, उघड्या फाइलींमधून लॉग शोधला आणि दुसऱ्या मशीनवर कॉपी केला. मग प्रोसेसला नवा लॉग उघडायचा सिग्नल दिला. ३८ जीबी झटक्यात मोकळे, सर्व्हिस एक क्षणही बंद नाही. पहाटेपर्यंत यादी क्लायंटकडे गेली.

रीस्टार्ट मारला असता तर डिस्क मोकळी झाली असती, सगळे खूश होऊन घरी गेले असते, आणि सकाळी त्या गिऱ्हाइकांचे पैसे कोणत्या आधारावर परत करायचे हा प्रश्न उरला असता. फोनवरचा हुकूम कुणाला आठवला असता की नाही कोण जाणे, डिलीट करणारा हात मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला असता.

म्हणून टीममध्ये तेव्हापासून एक रिवाज आहे. रीस्टार्टआधी टॉप, डीएफ, डीयू, एलएसओएफ चालवायचं आणि उत्तरं दुसऱ्या मशीनवर जपून ठेवायची. डीयूला कधी जास्त वेळ लागतो, बाकीचं पाच मिनिटांत उरकतं. मग खुशाल मारा रीस्टार्ट. तो काही कुठे पळून जात नाही.