मुलुंड नाक्यापासून बोरिवलीपर्यंत : गाडीच्या मिसिंगचा माग

वाचकहो, आपण मुंबईला जातो ते बहुधा ठरलेल्या कामाने. मंत्रालयातला कागद, इस्पितळातला पेशंट, नाहीतर पाहुण्यांकडचे लग्न. वेळ उरलाच तर चौपाटी आणि राणीची बाग पाहून रात्रीची गाडी धरतो. आज तुम्हांला त्या मुंबईत न्यायचे नाही. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली अशी उपनगरांतून चक्कर मारायची आहे, आणि तीही आपल्याच चारचाकीतून. वाटेत गाडी थोडी आजारी पडेल. तिची नाडी पाहत पाहत जाऊ, म्हणजे प्रवासही होईल आणि पदरी चार उपयोगाच्या गोष्टीही पडतील.

नाशिककडून येणारा माणूस ठाणे ओलांडून मुलुंडच्या वेशीवर पोचतो. येथला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजेच जुना आग्रा रोड. भाजीचे, दुधाचे ट्रक या नाक्यावर रांगेत तिष्ठत असत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या मोटारींना पथकर माफ झाला. रस्ता मात्र तुंबायचा तसाच तुंबतो. पहिल्या गिअरमध्ये दहा पावले चालायचे आणि थांबायचे. अशा वेळी इंजिन हादरू लागते, पिकअप पडतो आणि समोरच्या काट्यांशेजारी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. ड्रायव्हर म्हणतो, "मालक, गाडी मिसिंग मारतेय."

मिसिंग म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. चार बैलांच्या नांगराचा एक बैल मध्येच बसला, तर उरलेले तिघे हिसके खात ओढतात. चार सिलिंडरांपैकी एकात पेट्रोल पेटले नाही की तसेच होते. ते न पेटलेले पेट्रोल जाते कोठे, हा खरा प्रश्न आहे. ते धुराच्या नळीतून पुढे सरकते आणि एका महागड्या डब्यात जाऊन पेटते.

त्या डब्याचे नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये तो बसवलेला असतो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची चिनीमातीची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. इंजिनातून निघालेला विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनचे जहाल वायू यांचे येथे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन यांत रूपांतर होते. सुमारे ३०० अंश तापल्यावर हा डबा कामाला लागतो. एरवी त्याची उष्णता ४०० ते ८०० अंशांच्या घरात असते. मिसिंगचे पेट्रोल त्यात जळू लागले, तर ती हजार अंशांच्याही वर जाते, वीट वितळते आणि भोके बुजतात.

म्हणून पहिली खूण लक्षात ठेवा. दिवा स्थिर जळत असेल, तर गाडी सावकाश चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा उघडझाप करू लागला, तर डबा जळण्याच्या वाटेवर आहे असे समजावे. अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. मुलुंडच्या गर्दीत मागचे लोक हॉर्न वाजवतील, त्यांना वाजवू द्यावे. प्लगाला काहीशे रुपये पडतात, डब्याला हजारोंनी मोजावे लागतात.

दिवा स्थिर आहे असे धरून पुढे निघू. भांडुप, कांजूर, विक्रोळी मागे टाकून घाटकोपर येते, आणि त्याला लागून कुर्ला. याच कुर्ल्यात प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. १९६४ पासून येथे फियाटची ११०० डिलाइट बनू लागली. १९७४ मध्ये तिचे नाव पद्मिनी पडले, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईची खूणच होऊन बसली. कारखाना मिटला, त्याच्या जागेवर आता उंच इमारती आहेत. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

पद्मिनीचा मिस्त्री मिसिंग कसे शोधत असे? चालू इंजिनाच्या एकेका प्लगाची वायर काढून पाहायचा. वायर काढूनही आवाजात फरक पडला नाही, की तोच सिलिंडर मेलेला. पद्धत अचूक होती, कारण त्या गाडीला कन्व्हर्टर नव्हताच. आजच्या गाडीवर हा प्रयोग चालला, तर चांगल्या सिलिंडरांचे पेट्रोलही डब्यात जाते आणि परीक्षेतच रोगी दगावतो. तुमच्या गावचा मिस्त्री कितीही जुना, विश्वासाचा असो, ही वायर काढण्याची सवय त्याला प्रेमाने सोडायला लावा.

हा डबा मुंबईत आला त्याची हकीकत आपल्याशीही निगडित आहे. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि त्यासाठी याच शहरांतल्या पंपांवर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. शिशाचा थर धातूवर बसला की डबा निकामी होतो. खेड्यापाड्यांच्या पंपांवर मात्र तेव्हा शिशाचेच पेट्रोल होते. गणपतीला, जत्रेला मुंबईची नवी मोटार गावी निघाली, की तिच्या टाकीत काय भरायचे हा पेच पडे. फेब्रुवारी २००० मध्ये शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले आणि तो पेच सुटला. त्याच सुमारास, १९९९ मध्ये, मुंबईच्या धुराचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापुढे गेले होते, आणि पुढे जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. कुर्ला, साकीनाका, घाटकोपर येथल्या वस्त्यांत आपल्याकडचीच किती कुटुंबे रस्त्याला लागून राहतात, हे आठवले म्हणजे त्या डब्याची किंमत निराळीच वाटू लागते.

कुर्ल्याहून अंधेरी-कुर्ला रस्त्याने साकीनाका गाठावा. घाटकोपरहून अंधेरीमार्गे वर्सोव्याला जाणारी मेट्रो जून २०१४ पासून याच बाजूने डोक्यावरून धावते. खाली रिक्षांचा गजर असतो. ही रिक्षा फक्त उपनगरांत धावते, वांद्रे आणि शीव यांच्या पलीकडे शहरात तिला मज्जाव आहे. या भागात गॅरेजवाल्यांची कमतरता नाही. चांगल्या गॅरेजची ओळख एकच. मिस्त्री पाना उचलण्याआधी स्कॅनर जोडतो.

स्कॅनर गाडीच्या संगणकातले आकडे वाचतो. पी०३०० म्हणजे मिसिंग कधी या तर कधी त्या सिलिंडरात आहे. पी०३०१ म्हणजे पहिल्यात, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, असे पुढे. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरचे काम कमी पडते आहे. हे आकडे कागदावर लिहून घ्या. लिहिण्याआधी ते पुसू देऊ नका, आणि बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याची युक्ती तर मुळीच करू नका. चोर गेल्यावर अंगणातली पावलेही झाडून टाकण्यासारखे ते आहे.

पी०३०१ आणि पी०४२० दोन्ही निघाले, असे समजा. पुष्कळ ठिकाणी लगेच सांगतात, "डबा गेला, नवा टाका." येथेच शेतकऱ्याचा खिसा कापला जातो. दोन्ही आकडे असले की आधी मिसिंग काढायचे, कारण त्याने डब्याचा आकडा खोटाही येऊ शकतो.

क्रम असा ठेवावा. पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावावी आणि तिसऱ्याची पहिल्यावर. आकडे पुसून गाडी फिरवून आणावी. आता पी०३०३ आला, तर दोष कॉइलबरोबर तिसऱ्यात गेला, म्हणजे कॉइलच वाईट. पी०३०१ च राहिला, तर प्लगांची अशीच अदलाबदल करावी. प्लगाचे तोंडही बोलते. फिका तपकिरी रंग असेल तर ठीक, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, आणि ओले तेल असेल तर इंजिनच तेल खाते आहे. प्लगही निर्दोष निघाला, तर इंजेक्टर पाहावा आणि शेवटी कॉम्प्रेशन मोजावे. सीएनजीच्या गाडीत आणखी एक सोपी परीक्षा आहे. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर गाडी सुरळीत, असे असेल तर बहुधा ठिणगी कमजोर आहे, कारण गॅस पेटवायला जोरदार ठिणगी लागते.

मिसिंग गेल्यावरही पी०४२० परत आला, तरच डब्याकडे वळावे. आधी धुराच्या नळीचे सांधे पाहावेत. भेगेतून बाहेरची हवा आत शिरली तरी सेन्सर फसतो. कन्व्हर्टरच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. अलीकडच्याचा आकडा भराभर वरखाली होतो, पलीकडच्याचा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. दोघेही सारखेच नाचू लागले, तर डब्यात दम उरला नाही. गाडी चढणीला मरते, डबा थंड असताना ठोकला तर आत खुळखुळते, ही वीट फुटल्याची खूण. तरीसुद्धा नवा टाकण्याआधी जुना का मेला ते विचारा. इंजिन तेल खात असेल, तर नवाही तसाच मरेल.

कोणी म्हणेल, "डबा काढून साधी नळी लावतो, खर्च वाचेल." त्याला नकार द्या. कंपनीने दिलेल्या रचनेत असा फेरफार कायद्याला मान्य नाही, आणि प्रदूषणाचा नियम मोडल्याबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. काढलेला डबा तो मनुष्य फुकट टाकून देणार नाही, हेही ध्यानात ठेवा. त्यातल्या धातूंसाठीच महाराष्ट्रात आणि गुजरातेत ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीस गेले आहेत. बदललेला जुना भाग परत मागून घ्या, तो तुमचा आहे.

अंधेरीत पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना रेल्वेखालचा सबवे लागतो. मोठ्या पावसात तो भरतोच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांतल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. तापलेल्या डब्यावर गार पाणी आले तर आतली वीट तडकू शकते, आणि प्लगाच्या खोबणीत पाणी साचले की मिसिंग ठरलेले. गावच्या ओढ्यालाही हाच नियम लावावा. पाणी उतरेपर्यंत थांबावे.

तेथून पश्चिम द्रुतगती मार्गाने जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड करीत कांदिवली येते. महिंद्राचे ट्रॅक्टर आपल्या शिवारात पोचले ते येथल्या कारखान्यातून. पुढे बोरिवली, आणि तिला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे हे रान एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत आहे, यावर प्रथम विश्वास बसत नाही. आत कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी आहेत, तुळशी आणि विहार तलाव आहेत. दुरुस्त झालेली गाडी बाहेर उभी करून तासभर येथे जरूर चालावे. हवा लगेच निराळी लागते.

आता घराकडे परतताना चार गोष्टी मनात ठेवा. एक, लांब पल्ला मारून आलेली गाडी खळ्यावर, कडब्याजवळ किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका. खालचा डबा गंजी पेटवू शकतो. दोन, बॅटरी उतरली तर पाच जणांनी ढकलून गाडी चालू करण्याची आपली रीत पेट्रोल गाडीला सोडा, कच्चे पेट्रोल डब्यात जाते. दुसऱ्या बॅटरीवरून वायर जोडून चालू करा. तीन, हल्लीच्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. आपल्या उसाचे चीज होते ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर गोठ्याशेजारी उभी राहिली, तर तळाशी पाणी साचून मिसिंग होऊ शकते. टाकी भरलेली ठेवावी आणि आठवड्याला एक फेरी मारावी. त्याच वेळी बॉनेट उघडून उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, तेही पाहावे. चार, एप्रिल २०२० नंतरच्या मोटारसायकलीलाही असाच डबा आणि असाच दिवा असतो. मुलगा म्हणाला, "दिवा नुसताच लागतो, गाडी पळते," तर त्याला हा लेख वाचून दाखवा आणि दिवा स्थिर आहे की उघडझाप करतो आहे, एवढे आधी विचारा.