थांबलेला सूर, सरकता सूर

अमेरिकी कंट्री गायक बक ओवेन्सचं ‘टुगेदर अगेन’ हे गाणं सुखाचं आहे. दुरावलेली दोन माणसं पुन्हा एकत्र आली, आता रडण्याचं कारण उरलं नाही, एवढंच त्याचं सांगणं. शब्द साधे आणि मोजके. पूर्ण गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं. तरीही १९६४ सालापासून ते ऐकताना लोकांचे डोळे भरून येतात, माझेही येतात. याचं कारण शब्दांत शोधून सापडत नाही. ते टॉम ब्रम्लीच्या पेडल स्टील गिटारमध्ये आहे.

या वाद्याला गिटार म्हणतात खरं, पण गिटारचा आकार त्याला नाही. चार पायांवर उभी एक लांबट चौकट, तिच्यावर आडव्या ताणलेल्या दहा तारा; कधी अशा दोन रांगा. वादक शिलाई मशीनवर बसावं तसा तिच्यासमोर बसतो आणि हात, पाय, गुडघे सगळं कामाला लावतो. उजव्या हाताच्या अंगठ्यात नि बोटांत नख्या. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, ती तारांवरून सरकत राहते. डावा पाय तारांचा ताण बदलणाऱ्या पेडलांवर, उजवा आवाज कमीजास्त करणाऱ्या पेडलवर, आणि दोन्ही गुडघ्यांना खालून लोंबणाऱ्या तरफा. एवढी यातायात कशासाठी, असं प्रथम पाहणाऱ्याला वाटतं. ऐकल्यावर वाटत नाही.

छेडलेल्या तारेचं नशीब ठरलेलं असतं. छेडल्या क्षणी नाद सर्वांत मोठा, मग विरत जाणारा. स्टीलवादक उजव्या पायाने हे नशीब फिरवतो. तार छेडताना आवाज दाबून धरतो आणि नाद विरू लागला की हळूहळू मोकळा सोडतो. त्यामुळे आघात ऐकूच येत नाही. सूर कुठून तरी उमलून आल्यासारखा वाटतो आणि टिकून राहतो. नखीने छेडलेली तार गजाने वाजवल्यासारखी बोलते.

पण खरी किमया डाव्या पायाची. नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या माहेरघरात रूढ झालेल्या ई-नाइन जुळणीत तारांचा ई सूर आपला सा धरला, तर सा, ग, प हे तिन्ही सूर हाताशी असतात. एक पेडल दाबलं की पंचम चढून धैवत होतो. शेजारचं दाबलं की गंधार चढून मध्यम होतो. आणि या दोघांचा प्रवास चालू असताना षड्ज जागचा हलत नाही. मींड आपल्या कानाला नवी नाही. तंबोऱ्याच्या स्थिर षड्जावर गळ्यातून उतरणारी मींड ऐकतच आपण वाढलो. इथे मात्र थांबलेला सूर आणि सरकता सूर एकाच माणसाच्या हातापायांत असतात, एकाच क्षणी वाजतात, आणि सरकणारा सूर थांबलेल्याशी नवं नातं जुळवून मगच विसावतो. ते नातं जुळेपर्यंत मध्ये जो काळ जातो, कधी कधी अर्धा सेकंदसुद्धा नाही, तेवढ्यात काळजाला काहीतरी होतं.

हे पहिल्यांदा घराघरांत पोचलं ते वेब पीअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यातून. १९५३च्या अखेरीस त्याच्या ध्वनिमुद्रणात बड आयझॅक्सने सूर वाजत असतानाच पेडल दाबलं. पेडलं त्याआधीही होती, पण मुख्यतः तारांची जुळणी झटकन बदलण्यासाठी. आयझॅक्सने ती बदलण्याची क्रियाच ऐकवली. १९५४ साली ते गाणं कंट्री संगीताच्या यादीत १७ आठवडे पहिलं होतं, आणि स्टीलवादक आपापल्या वाद्यांना पेडलं जोडण्याच्या मागे लागले.

तारेवर पोलाद सरकवण्याची रीत हवाई बेटांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या तरुणाने ती घडवली असं मानतात. तीच रीत भारतातही आली. १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका मराठी घरांतही जिवापाड जपली गेली. तिच्यात शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे, ती याच कुळातली. काब्रांनी तिला रागाकडे वळवलं, ब्रम्लीसारख्यांनी तिला पेडलं लावली. दोन्ही घरांत मींडच सांभाळली गेली, याचा मला फार आनंद आहे.

ओवेन्सचा जन्म १९२९चा, टेक्ससमधला. मंदीच्या आणि धुळीच्या वादळांच्या काळात हजारो कुटुंबं पश्चिमेकडे निघाली, त्यांत त्याचंही होतं. १९३७ साली निघालेलं हे कुटुंब ॲरिझोनातच थबकलं. १९५१मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला पोचला. तेलविहिरी आणि कापसाची शेतं यांचं हे गाव. टेक्सस-ओक्लाहोमातून आलेली माणसं दिवसभर राबून रात्री तिथल्या दारूगुत्त्यांत नाचायला येत. नॅशव्हिलचे निर्माते त्या काळी कंट्री गाण्यांवर व्हायोलिनांचे ताफे आणि मागे गाणारे वृंद चढवत होते, स्टीलला बाजूला सारत होते. ओवेन्सने तिला पुढे आणून बसवलं. एवढ्या एका निर्णयासाठीही मी त्याला मोठा मानीन.

स्टील म्हणजे रडणारं वाद्य, असं सरसकट म्हटलं जातं. ते मला पटत नाही. ओवेन्सच्याच १९५९च्या ‘अंडर युअर स्पेल अगेन’मध्ये राल्फ मूनीची स्टील ऐका, ती ठुमकत चालते. रडणं वाद्यात नसतं, वादकाला गाण्यात काय ऐकू आलं त्यात असतं.

ब्रम्लीला काय ऐकू आलं? ‘टुगेदर अगेन’मध्ये ओवेन्स सरळ, स्वच्छ, जवळजवळ धारदार आवाजात गातो. वरच्या सुरात डॉन रिचची साथ. दोघांच्याही गळ्यात कंप नाही, हुंदका नाही. माणसं भेटली आहेत, ते आनंदाने सांगत आहेत. मग गाणं थांबतं आणि स्टील बोलू लागते. सूर थेट जागेवर येत नाहीत, खालून वाट काढत येतात; एक थांबलेला असतो, दुसरा त्याच्याकडे सरकत जातो. भेटीआधीचा सगळा काळ तिथे उभा राहतो. भेट झाली हे शब्दांनी सांगितलं. वाट पाहताना काय झालं, परतणाऱ्याला पाऊल उचलताना किती जड गेलं, ते गायकाने सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर गाणं बिघडलं असतं. ब्रम्ली हा ‘आय विल फ्लाय अवे’ या भक्तिगीताचा कर्ता अल्बर्ट ब्रम्ली याचा मुलगा. एकमेकांत मिसळणारे सूर त्याने लहानपणापासून ऐकलेले. त्यामुळे असेल, त्याच्या वाजवण्यात दाखवण्याची धडपड कुठेच नाही. जितकं हवं तितकंच, आणि मग पुन्हा गायकाला जागा.

हे गाणं तबकडीच्या दुसऱ्या बाजूला होतं. पहिल्या बाजूचं ‘माय हार्ट स्किप्स अ बीट’ यादीत पहिलं आलं, आणि त्याला तिथून काही काळ खाली उतरवलं ते याच दुसऱ्या बाजूने. पुढे १९७६मध्ये एमिलू हॅरिसच्या आवाजात ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं.

ओवेन्स २००६ साली गेला, ब्रम्ली २००९ साली. गाण्याचा गीतकार आणि संगीतकार म्हणून एकट्या बक ओवेन्सचं नाव छापलं जातं, ते नियमाला धरून आहे. माझ्या लेखी मात्र हे गाणं निम्मं टॉम ब्रम्लीचं आहे.