भोकं वाढतात, वीज वाढत नाही

यूएसबी हब विकत घेताना आपण फक्त भोकं मोजतो. लॅपटॉपला दोन, हबला चार, चला सोय झाली! पण भोकं वाढली म्हणून वीज वाढत नाही. हे वाक्य गेला आठवडाभर मी घरात सगळ्यांना ऐकवलंय, आता तुमची पाळी :)

निमित्त झालं आजीच्या कॅसेटींचं. मामा १९८६ मध्ये अमेरिकेला गेला. तेव्हा फोन परवडायचा नाही, म्हणून आजी साठ मिनिटांची कॅसेट बोलून भरायची आणि कोणी तिकडे जाणारं भेटलं की त्याच्याबरोबर पाठवायची. अशा अकरा कॅसेटी मामाने जपून ठेवल्या होत्या. या खेपेला त्या त्याने मावशीच्या हवाली केल्या. आजी जाऊन वीसेक वर्षं झाली. घरात तिचे फोटो आहेत, पण आवाज एवढाच.

मावशीकडे सदाशिव पेठेत अजून चालणारा टेपरेकॉर्डर आहे. माझ्या लॅपटॉपचं एक पोर्ट कधीचंच ढिलं झालंय, म्हणून उरलेल्या पोर्टात हब लावला. हबवर यूएसबी साउंड कार्ड, माऊस आणि बॅकअपची छोटी हार्ड डिस्क. कॅसेट लावली. आजी मामीला गोडा मसाला सांगत होती. धने, तीळ, खोबरं... आणि डुंग! साउंड कार्ड स्क्रीनवरून गायब, रेकॉर्डिंग बंद.

"कॅसेटच गेली गं," मावशी म्हणाली. तिचा चेहरा बघवेना.

टेपची चाकं मात्र फिरत होती. मी हेडफोनची पिन उपसली तर आजी आपली पुढे बोलतच होती. म्हणजे कॅसेट ठणठणीत, भानगड माझ्या बाजूला. आजीची कॅसेट लगेच काढून डबीत ठेवली. जुनी टेप पुन्हा पुन्हा वाजवून झिजवायची कशाला? चाचणीसाठी आरत्यांची कॅसेट लावली.

आधी साउंड कार्ड दुसऱ्या भोकात लावून पाहिलं. मग माऊस काढून पाहिला. फरक शून्य. रेकॉर्डिंग कधी अकराव्या मिनिटाला तुटे, कधी सहाव्या. काही ताळमेळ लागेना. शेवटी मी मिनिटं सोडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. सव्वाचार, साडेचार, पावणेपाच! दर पंधरा मिनिटांनी बॅकअपचा प्रोग्रॅम जागा होतो आणि झोपलेल्या हार्ड डिस्कला उठवतो. डिस्क काढली, आरत्यांची अख्खी बाजू न तुटता उतरली.

याचं कारण असं. यूएसबी २.० चं एक पोर्ट ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर देतं. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबला एवढ्यातच सगळ्यांचं भागवायचं असतं. नियमाप्रमाणे १०० स्वतःला, १०० प्रत्येक भोकाला. माऊसला ते पुरून उरतं. डिस्कची तबकडी थांबलेली असताना पुन्हा फिरवायला मात्र क्षणभर जवळजवळ एक अँपिअर लागू शकतो. त्यात हबची केबल शेवयीसारखी बारीक. पेठेतल्या वाड्यात राहिलेल्यांना हे सांगायलाच नको, खालच्या बिऱ्हाडाने नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार करंगळीएवढी. डिस्क उठली की व्होल्टेज खाली येई, हब बेशुद्ध पडे आणि बिचारं साउंड कार्ड हकनाक मरे.

(जाता जाता: यूएसबीच्या जनकांपैकी एक, इंटेलचे अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. गायकवाडांमुळे आपल्याला उगीचच आपुलकी! यूएसबीचं पहिलं प्रमाणपत्रक जानेवारी १९९६ चं आहे. आजीने शेवटची कॅसेट भरली, तेव्हा ते यायला पाच वर्षं होती.)

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत गेले. बोटभर लांबीचा यूएसबी मीटर घेतला आणि अडॅप्टरवर चालणारा हब मागितला. दुकानदाराने चकचकीत सात भोकांचा हब पुढे केला. "अडॅप्टर?" "तो वेगळा घ्यायचा, मॅडम." घेतला, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा.

घरी येऊन आधी जुन्या हबवर मीटर लावला. एरवी ४.९, आणि डिस्क उठताना डोळ्यांदेखत ४.३. नव्या हबवर आकडा पाचाच्या आसपास राहिला. आणखी एक खात्री करून घेतली. काही स्वस्त हब अडॅप्टरची वीज उलटी लॅपटॉपकडे ढकलतात, ते बरं नाही. म्हणून अडॅप्टर चालू ठेवून हबची लॅपटॉपकडची पिन मीटरमध्ये खुपसली. मीटर पेटला नाही. पास.

मावशीला हे समजावताना 'पुणे मॉडेल' कामाला आलं. २००६ साली शहरातलं भारनियमन टाळण्यासाठी इथल्या कारखान्यांनी टंचाईच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवायचे आणि तेवढी ग्रीडची वीज पुणेकरांना सोडायची, असं ठरलं होतं. जादा खर्च अर्थात बिलातून वसूल! मावशीला ते बिल अजून आठवतं. "म्हणजे तुझ्या हबने जनरेटर घेतला," ती म्हणाली. अगदी बरोबर.

मग आजीची कॅसेट पुन्हा लावली. सव्वापाच वाजले, डिस्क गुरगुरली, आजी बोलत राहिली. दोन्ही बाजू उतरल्या. राहिलेल्या दहांपैकी एकीची टेप आत चिकटलीय, तिचं वेगळं बघावं लागेल.

मावशीने गोडा मसाल्याचं प्रमाण कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. मग चष्मा काढत म्हणाली, "दगडफूल मात्र आईने वहिनीला कमीच सांगितलंय हं."