बुडख्याला हात लावण्यापूर्वी

॥ श्री ॥
पुणे, कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र काल दुपारी पोचले. त्यातील पहिली दोन पाने, म्हणजे आक्काच्या मोतीबिंदूची हकिकत, नव्या कलमांनी धरलेली पालवी आणि सूनबाईने पडवीची करवून घेतलेली डागडुजी, मी मोठ्या समाधानाने वाचली. परंतु तिसऱ्या पानावर, विहिरीजवळच्या फणसाचा बुडखा नाताळच्या सुट्टीत तू स्वतःच काढणार असल्याचे कळवून, 'चार घाव घालायला आणि एक पहार लावायला माहीतगार माणूस कशाला हवा' असे जे वाक्य तू लिहिले आहेस, ते वाचल्यावर मी पत्र खाली ठेवले, आणि रात्री झोप लागेपर्यंत त्या एका वाक्याशी भांडत राहिलो.

तू मला विचारलेस इतकेच की, माळ्यावरची मोठी पहार कोणी नेली. ती कोणी नेलेली नाही. भाताच्या कणगीमागे आडवी ठेवलेली आहे. एवढे उत्तर एका कार्डावर मावले असते. पण ज्या विहिरीपायी तुझ्या आजोबांनी हयातभर वाद अंगावर वागवला, तिच्या काठावर तू कुऱ्हाड घेऊन उभा राहणार असशील, तर कार्डावर भागवणे मला प्रशस्त वाटत नाही.

प्रथम त्या झाडाची स्थिती नीट ध्यानात घे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले आणि दापोली-मंडणगडपर्यंतच्या वाड्या झोडपून गेले, तेव्हा आपल्या आगरातले माड आणि पोफळी डोळ्यांदेखत मोडून पडल्या. फणस मात्र मोडला नाही की उन्मळलाही नाही, तो केवळ विहिरीकडे कलला, आणि पुढची काही वर्षे उरल्यासुरल्या मुळांवर तग धरून अखेर उभ्या उभ्या वाळला. याचा अर्थ असा की, वाऱ्याच्या अंगाची मुळे त्याच दिवशी तुटली असली पाहिजेत, आणि तेव्हापासून त्या प्रचंड देहाचा सारा भार विहिरीकडच्या मुळांनी तोलला. ही मुळे कोठवर गेली आहेत, हे तुला मी सांगायला नको. वैशाखात पाणी तळाला गेले म्हणजे जांभ्या चिऱ्यांच्या सांध्यांतून उतरलेले त्यांचे तंतू तू आणि तुझ्या बहिणींनी लहानपणापासून पाहिले आहेत. जुन्या चुन्याच्या बांधकामात शिरलेले मूळ चिऱ्याला ढकलते आणि त्याच वेळी धरूनही ठेवते. बुडखा हिसका देऊन ओढला की मुळाबरोबर चिरा येतो, आणि एक चिरा निसटला म्हणजे त्याच्या वरचे थर कोणाच्या भरवशावर उभे राहायचे?

आता तू लिहिलेल्या उपायांकडे वळतो. मित्राची जीप आणून साखळीने ओढण्याचा बेत तर तू मनातूनही काढून टाक. ताणाखाली तुटलेल्या साखळीचे किंवा तारदोराचे टोक ज्या वेगाने मागे येते, त्या वेगापुढे माणसाला मान वळवण्याइतकाही अवकाश मिळत नाही. रॉकेल ओतून पेटवावे, तर विस्तव मुळामुळांतून जमिनीखाली शिरून दिवसेंदिवस धुमसत राहतो आणि भलत्याच जागी डोके वर काढतो. आपल्या गोठ्यातला पेंढा कोठे रचलेला असतो, हे तुला ठाऊक आहे. बुडख्याला भोके पाडून त्यांत सोरा भरण्याचा जो सल्ला तुला कोणी दिला, तो देणाऱ्याने फणसाचे लाकूड कधी हाताळलेले दिसत नाही. सोऱ्यातील नत्रावर बुरशी पोसते आणि लाकूड लवकर कुजते हे खरे. परंतु फणसाचा पिवळा गाभा वाळवीलाही सहसा दाद देत नाही, तो एका हिवाळ्यात कसा कुजेल? शिवाय सोरा पाण्यात तत्काळ विरघळतो, आणि ते पाणी झिरपून जाणार कोठे, तर आपल्या पिण्याच्या विहिरीत. नत्रयुक्त पाण्याने तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती खुंटते आणि ती निळी पडू लागतात, ही गोष्ट वैद्यकाला चांगली परिचित आहे. आणि येत्या चैत्रात आपल्या घरी पाळणा हलणार आहे, असे तूच पत्राच्या आरंभी कळवले आहेस! राहता राहिली ती भाड्याने आणायची यांत्रिक करवत, जिला आता गावात सगळे वूडकटर म्हणतात. उभे झाड किंवा आडवे खोड कापण्याकरिता ती उत्तम आहे. परंतु जमिनीशी, मातीत आणि खड्यांत तिचे पाते घालावे तर दात क्षणात बोथट होतात, आणि पात्याचे टोक कशावर अडखळले की सबंध करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते.

आणि विंचवांचे काय? कुजू लागलेल्या सालीखाली आणि चिऱ्यांच्या फटींत तांबडा विंचू घर करतो, फुरशालाही असल्या जागा प्रिय. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग करून विंचूदंशाचे किती रुग्ण वाचवले, हे आज सर्वश्रुत आहे. पण त्यापूर्वीच्या काळात आपल्या पंचक्रोशीतली कोणकोणती घरे अंधारली, त्यांची नावे आक्काला विचार. औषध आहे म्हणून बोट पुढे करायचे नसते. गमबूट आणि जाड हातमोज्यांवाचून तू त्या बुडख्याच्या चार हात जवळही जायचे नाही.

मी तुला श्रमापासून परावृत्त करतो आहे, असा समज मात्र करून घेऊ नकोस. हातांनी काम करण्याची तुझी हौस मला मनापासून आवडते, आणि त्याकरिता आगरात भरपूर वाव आहे. वादळात मोडलेल्या पोफळींचे बुडखे अजून जागोजाग उभे आहेत. त्यांना सोटमूळ नसते, कुदळीने भोवताली खणून पहारेने उचलले की ते येतात. माडालाही सोटमूळ नाही. त्याची मुळे बोटाएवढ्या जाडीची आणि असंख्य असतात, ती एकामागून एक तोडीत गेले म्हणजे वेळ लागतो, घाम गळतो, पण धोका नाही. किंबहुना ते काम तू अगत्याने करच. कुजणाऱ्या माडात गेंडा भुंगा अंडी घालतो, त्याच्या अळ्या आत पोसतात, आणि मोठा झालेला भुंगा शेजारच्या धडधाकट माडाच्या शेंड्यातला कोवळा कोंब कुरतडतो. पुढे उलगडलेली झावळी जेव्हा कातरीने छाटल्यासारखी दिसते तेव्हा लोक माकडांना बोल लावतात. तात्पर्य, जेथे चूक झाली तर तुझी कंबर दुखेल आणि फार तर एक दिवस फुकट जाईल, तेथे स्वतः राब. जेथे चूक झाली तर विहीर ढासळेल किंवा माणूस जायबंदी होईल, तेथे जाणत्याला बोलाव. स्वावलंबनाची हद्द मी येथे आखतो, आणि ही हद्द ओळखणे हादेखील स्वावलंबनाचाच भाग आहे.

तो जाणता आपल्या गावात आहे, यासारखे भाग्य नाही. खालच्या वाडीतल्या त्या बापलेकांनी सांगितलेल्या मजुरीला तू 'लूट' म्हटले आहेस. बाळ, हा शब्द तुझ्या लेखणीतून उतरावा, याचे मला अतिशय वाईट वाटले. मागीलदारचे जांभूळ घरावर आले होते तेव्हा त्याच म्हाताऱ्याने काय केले, ते दादाने तुला सांगितले असेलच. सबंध सकाळ तो नुसता झाडाभोवती फिरत होता, बुंध्याला कान लावीत होता, मुळांवरची माती पायाने चाचपत होता, आणि दादा अधीर होऊन दोनदा ओरडला तरी त्याने कुऱ्हाड उचलली नाही. ती उचलल्यावर दुपार ढळायच्या आत काम उरकले, आणि एक कौलदेखील फुटले नाही. आपण त्या दिवशी मोल दिले ते दुपारचे, असे तू म्हणशील. मी म्हणेन, ते सकाळचे होते. फणसाच्या बाबतीतही तो असेच करील. विहिरीकडची मुळे तो आधी उघडी करील, करवतीने काठापासून अलीकडे कापील आणि सांध्यांत शिरलेले तुकडे तेथेच राहू देईल. मग उरलेल्या तीन अंगांची मुळे मोकळी करून, सोटमूळ तोडून, पहार आणि कप्पीच्या साह्याने बुडखा विहिरीपासून दूर, अंगणाकडे उलथवील. गडग्याचा भाग पाडून जेसीबी आत आणण्याची भाषा तो बोलणार नाही, आणि कोणी बोललाच तर तू मान्य करू नकोस; त्या यंत्राच्या हादऱ्यापुढे आपले जोते आणि विहीर दोन्ही निरुपाय आहेत.

या निमित्ताने, पुष्कळ वर्षे मनात घोळत असलेली एक गोष्ट तुला लिहितो. आपण शिकलेली माणसे ग्रंथातल्या विद्येचे शुल्क बिनतक्रार भरतो. वकिलाने दस्तऐवजावर एक ओळ लिहिली तरी त्याचा मेहनताना देताना ती लिहायला किती वेळ लागला हे विचारीत नाही. हाताच्या कसबाचा प्रश्न आला की मात्र आपण घड्याळ पुढे करतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा 'गावगाडा' तुझ्या आजोबांच्या कपाटात आहे, तो एकदा वाच. सुताराला आणि लोहाराला खळ्यावरचा वाटा मिळे, तो मोजक्या घावांचा नसे. वर्षभर हे कसब गावात नांदावे, म्हणून तो दिला जाई. त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती, अपमान होता, आणि ती मोडली याचा मला यत्किंचितही खेद नाही. परंतु बेडीबरोबर कसबाचे पोषण करण्याची जबाबदारीही आपण झुगारून दिली, आणि तिच्या जागी रोख, मोकळे, सन्मानाचे मोल देण्याची रीत अजून पुरती घातली नाही, हा आपला दोष आहे. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनासुद्धा हा विवेक सुचला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जो दंडक घातला आहे, तो तुला आठवत असेल: आंबे-फणस आरमाराच्या उपयोगाचे असूनही रयतेच्या त्या झाडांना हात लावू नये, आणि एखादे अगदीच जीर्ण झाले असेल तर त्याच्या धन्याची समजूत घालून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने ते तोडावे. राज्याने ज्या जागी मोल मोजावे, त्या जागी आपण एका म्हाताऱ्या लाकूडतोड्याशी घासाघीस करावी काय?

मला खरी धास्ती निराळीच आहे. त्या म्हाताऱ्याचा मुलगा मुंबईला एका इमारतीवर रखवालदाराची जागा मिळते का, याची खटपट करीत आहे, असे आक्काने मला कळवले. त्याला वर्षाकाठी दोन-चार मोठी कामे मिळाली नाहीत, तर तो जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. निसर्गपाठोपाठ दुसऱ्याच वर्षी तौक्ते किनाऱ्यालगत येऊन गेले; यापुढेही वादळे येतील. एखाद्या मध्यरात्री झाड घरावर आडवे पडेल, खाली माणूस अडकलेला असेल, आणि कोणते मूळ आधी तोडावे हे सांगणारा मनुष्य सबंध तालुक्यात उरलेला नसेल. तू वाचवलेले ते हजार-दोन हजार रुपये त्या रात्री कोणाच्या उपयोगी पडणार? प्रत्येक सुशिक्षिताने आपापला बुडखा आपणच काढायचे ठरवले, तर बुडखे कसेबसे निघतील, परंतु कसब मात्र समूळ नाहीसे होईल.

म्हणून माझे असे सांगणे आहे. नाताळपर्यंत थांबू नकोस. मार्गशीर्ष लागला की काम सुरू करव. आता पाऊस संपला आहे, आणि मातीत अजून ओल आहे. उन्हाळ्यात तीच जमीन कातळासारखी होईल, आणि पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरून जोत्याखाली मुरेल. काम उक्ते देऊ नकोस, रोजावर दे; उक्त्या कामाला घाई असते, आणि विहिरीच्या काठावर मला घाई नको. दोघांपैकी कोणाला दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च आपला, हे आरंभीच सांगून टाक. बुडखा जाळू नकोस, सरपणालाही देऊ नकोस. जुन्या फणसाच्या मुळाचे लाकूड कोरीव कामाला आणि तसबिरींच्या चौकटींना फार मोलाचे असते. तंजावरला वीणा फणसाच्याच लाकडाच्या करतात. आपल्या सुताराला दाखव. पाळण्याचे खूर त्यातून निघाले तर मला आनंद होईल. १९६४च्या वृक्षतोड नियमनाच्या अनुसूचीत फणस आहे, तेव्हा झाड तोडण्याच्या परवानगीचा जो कागद तू इतके खेटे घालून मिळवलास, तो लाकूड बाहेर नेताना जवळ असू दे. खड्डा एकदम भरू नये. वीतभर मातीचा थर टाकून धुम्मस करावी, मग दुसरा, नाहीतर पुढल्या श्रावणात ती जागा खचेल. मुळे कापलेल्या ठिकाणचे चिऱ्यांचे सांधे गवंड्याकडून त्याच आठवड्यात भरून घे.

तू त्या दिवशी तेथे अवश्य हजर राहा, माती ओढ, घमेली उचल, आणि म्हाताऱ्याला विचारीत राहा; हे मूळ आधी का, ते मागून का, हे तो सांगेल, कारण त्याला आजवर कोणी विचारलेले नाही. विहिरीच्या तोंडावर सागाच्या फळ्या आडव्या टाकून घे, शेजारच्या मुलांना गडग्याच्या आत येऊ देऊ नकोस, आणि आक्काला रहाटाजवळ बसून देखरेख करण्याची हौस येईल, ती मोडून काढ. त्या दोघांशी बोलणे झाले आणि दिवस ठरला की उलट टपाली मला कळव. तोपर्यंत मला चैन पडणार नाही.

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद, तिने या दिवसांत जड उचलू नये. आक्कास साष्टांग नमस्कार. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका