जोडीच्या तारा

बेंगळुरूत सकाळी फिरायला निघाले की वाटेत चौडय्या मेमोरियल हॉल लागतो. १९८० साली उभी राहिलेली ही वास्तू चक्क व्हायोलिनच्या आकाराची आहे. कर्नाटक संगीतातले व्हायोलिनवादक टी. चौडय्या यांच्या व्हायोलिनला चाराऐवजी सात तारा होत्या. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून त्यांनी त्या वाढवल्या.

माझ्या मँडोलिनला आठ तारा. एका सुरात लावलेल्या चार जोड्या, प्रत्येक जोडी आधीच्या जोडीहून पंचमाने वर. सांगलीला मी आठवीत असताना मामाने ते हाती दिलं. संगीतकार सज्जाद हुसेन यावर राग वाजवतात, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांतही आधी मँडोलिनच वाजवायचे, हे तो अभिमानाने सांगायचा. मग लग्न झालं, बेंगळुरू आलं, बँकेतली नोकरी आली आणि मँडोलिन कपाटावर गेलं. शेजारच्या घरातून मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांची कॅसेट ऐकू आली की मी हातातलं काम थांबवत असे. त्यांनी जोड्या मोडून एकेरी पाच तारा ठेवल्या आणि विजेच्या मँडोलिनवर सुराला डोलवणारं गमक बोलतं केलं. २०१४ मध्ये अवघ्या पंचेचाळीसाव्या वर्षी ते गेले, त्या दिवशी मी स्टुलावर चढून कपाटावरची मँडोलिनची पेटी नुसती पुसून ठेवली.

ती उघडली निवृत्तीनंतर. तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. बोटांवरचे घट्टे कधीच गेले होते. दहा मिनिटांत टोकं हुळहुळली. करंगळी पडद्यापर्यंत पोचेना. पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो जोड्या जुळवण्यात. जोडीतली एक तार केसभर उतरली तरी सूर थरथरतो. डोळे मिटून चावी फिरवत राहायचं. मग एका क्षणी ती थरथर थांबते आणि दोन तारांची एक होते. शाळेत असताना हे काम मी घाईने उरकायचे. आता रियाज तिथूनच सुरू होतो.

मँडोलिनचा सूर छेडल्यावर लगेच विरतो. तो लांबवायचा तर तारेवर झरझर आघात करत राहावं लागतं. ऐकणाऱ्याला सलग वाटणारा सूर असा तुकड्यातुकड्यांचाच असतो. हे बोटांना कळलं तेव्हापासून मधल्या वर्षांची खंत मी सोडली. आघात पुन्हा सुरू झाला की सूर पुन्हा उभा राहतो.

तुमच्याही कपाटावर एखादं वाद्य असेल तर ते आज खाली काढा. तारा गंजल्या असतील, नव्या मिळतात.