मावशीच्या कोंबड्या

माझ्या फोनमध्ये कोंबड्यांचे चारशेच्या वर फोटो आहेत. पाय, तुरे, शेपट्या, पसरलेले पंख, वहीच्या पानावर ओळीने मांडलेली अंडी. मैत्रिणी माझा फोन हातात घेतात, दोनदा बोट सरकवतात आणि परत देतात. हे फोटो मी एका प्रश्नापायी काढले. आमच्या खुराड्यातल्या काही कोंबड्या नेमक्या कोणत्या जातीच्या, हा तो प्रश्न.

साखरखेर्ड्यात असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. आमच्या गावात कोंबडीच्या दोनच जाती, बॉयलर आणि गावरान. पांढरी, पिंजऱ्यातली, किलोवर मिळणारी ती बॉयलर. उकिरडा उकरणारी, शेजाऱ्याचं वाळवण विस्कटणारी आणि तरीही पाहुणा आला की आठवणारी ती गावरान. गावरान या एका शब्दात काळ्या, तांबड्या, कबऱ्या, उघड्या मानेच्या, सगळ्या बसतात. आईच्या खुराड्यातही अशीच सरमिसळ होती.

२०१६ च्या उन्हाळ्यात मावशी नवापूरहून आली. ती तिकडे एका आश्रमशाळेत शिकवायची. येताना तिने डालग्यात तीन तलंगा आणि एक कोंबडा आणला. आईला म्हणाली, "ताई, या ठेव. गरीब आहेत बिचाऱ्या." नंदुरबार जिल्ह्यातून बुलडाण्यापर्यंत एसटीतून आलेल्या त्या चारही जीवांनी वाटेत आवाज केला नव्हता म्हणे. डालगं उघडल्यावर आमच्या कोंबड्या असत्या तर उधळल्या असत्या. या उतरल्या, पाणी प्यायल्या आणि आईच्या पायापाशी बसल्या.

अंगाने लहान. मूळ रंग पांढरा, त्यावर मानेला, पाठीला आणि शेपटीला काळे ठिपके, खांद्यावर आणि पंखांवर तांबूस तपकिरी पिसं. तुरा एकेरी, छोटा, लाल. पाय पिवळे. पुढे किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं तेव्हा कोंबडी किलोच्या आसपास भरली आणि कोंबडा बाराशे ग्रॅम. अंडं फिकट तपकिरी आणि इतकं लहान की बाजारात बायका विचारायच्या, हे काय, तितराचं आणलं का?

स्वभाव मात्र वजनात मोजता येत नाही. खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली हात घालायचा तर आमच्याकडे आधी हाताला फडकं गुंडाळायची रीत. यांच्या खाली हात घातला तर त्या जरा उठून जागा करून द्यायच्या. दुसऱ्या कोंबडीची पोरकी पिल्लं रात्री गुपचूप खाली सरकवली तर सकाळी आपलीच समजून फिरवायच्या. कोंबडाही तसाच. दाणा सापडला की कुटकुट करून आधी कोंबड्यांना बोलवायचा. या गरीबपणाची किंमतही त्यांनी मोजली. घार आली की सगळ्यांत आधी यांचं पिल्लू जायचं आणि दाण्याच्या घमेल्यापाशी सगळ्यांत शेवटी याच पोचायच्या.

आई त्यांना "मावशीच्या कोंबड्या" म्हणायची. तेच नाव पडलं.

जात शोधायची खाज मला कॉलेजच्या काळात सुटली. फोटो काढून फोनला विचारलं तर त्याने एकदा इंग्लंडची, एकदा अमेरिकेची कुठली तरी कोंबडी सांगितली. फोनने नंदुरबारचं अंगण पाहिलेलं नसावं. मग हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोची यादी हाती लागली. ही संस्था देशातल्या गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्यांच्या देशी जातींची नोंद करते. कोंबड्यांच्या नोंदलेल्या जाती वीसच्या आसपास आहेत. त्यांत झाबुआचा कडकनाथ आहे, झुंजीचा असील आहे, निकोबारची निकोबारी आहे आणि महाराष्ट्र व गुजरात अशा दोन राज्यांच्या नावावर नोंदलेली एक जात आहे : बुसरा.

वर्णन वाचताना मी अंगणात जाऊन एकेक गोष्ट ताडून पाहत होते. पांढऱ्यावर काळी पिसं, खांद्यावर तांबूस. एकेरी तुरा. पिवळे पाय. वर्षाला चाळीस-पन्नास अंडी, एकेक अंडं तीस-पस्तीस ग्रॅमचं. मूळ प्रदेश नंदुरबार-धुळ्याचा पश्चिम पट्टा आणि त्याला लागून असलेला गुजरात. नवापूर बरोबर त्यातच येतं.

मी मावशीला फोन केला. तिने बुसरा हा शब्द कधी ऐकलेला नव्हता. ज्या घरातून तिने पक्षी घेतले तिथल्या आजी नुसतं "घरची कोंबडी" म्हणाल्या होत्या. आईला सांगितलं तर तिने सूपही खाली ठेवलं नाही. म्हणाली, "काय करतं वं नाव घेऊन? अंडं देते, पिल्लं काढते, झालं."

तिच्या बोलण्यात तथ्य होतं, पण मला तेवढ्यावर थांबता येईना. कारण मी पाहत होते ते आता एकाच जातीचं राहिलं नव्हतं. २०१६ च्या तीन तलंगांच्या नाती-पणत्या अंगणात होत्या. त्यांचे बाप कधी मावशीचा कोंबडा, कधी शेजारचा भला दांडगा तांबडा. दांडग्याचे पूर्वज कुठल्या तरी योजनेत वाटलेले सुधारित पक्षी असणार. काही पोरींना आजीचे ठिपके होते पण पाय पांढरे. काहींचे पाय पिवळे पण अंगाने दुप्पट. मग बुसरा कुठली म्हणायची?

पिवळ्या पायांवर मी फार भरवसा ठेवला होता. वाचत गेले तेव्हा तोही ढिला झाला, पण त्याची गोष्ट त्याहून सुंदर निघाली. जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्या मुळात आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या. त्या रानकोंबड्याचे पाय मात्र पिवळे नसतात. मग पिवळा आला कुठून? २००८ मध्ये संशोधकांनी जनुकं तपासून दाखवलं की पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलेलं आहे. म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात आरवणाऱ्या आपल्या रानकोंबड्याकडून. साध्या पायांच्या कोंबडीच्या कातडीत चाऱ्यातला पिवळा रंग मोडून टाकला जातो. हे जनुक असलं की तो मोडत नाही, साठत जातो. हिरवा पाला आणि मका खाणाऱ्या कोंबडीचे पाय म्हणून जास्त पिवळे दिसतात. म्हणजे "शुद्ध" जातीची खूण म्हणून मी ज्या पायाकडे बोट दाखवत होते, तो पाय स्वतःच एका जुन्या संकराची निशाणी होता. आणि जगभरच्या असंख्य कोंबड्या तो मिरवतात.

आपल्याकडे जात विचारायची सवय माणसांपासून सुरू होते आणि कोंबडीपर्यंत पोचते. त्यामुळे शुद्ध, अस्सल, मूळ हे शब्द आपल्या तोंडी पटकन येतात. परसातल्या जातीला ते नीट लागू होत नाहीत. कर्नालची संस्था जातीला क्रमांक देते, एखाद्या कोंबडीला दाखला देत नाही. जात म्हणजे एका टापूतल्या हजारो अंगणांत पिढ्यान् पिढ्या एकमेकांत वाढलेला कळप. त्यात रंगाचे दहा प्रकार असतात, वजनं मागेपुढे असतात. त्या टापूच्या उन्हात, तिथल्या रोगांत, तिथल्या दाण्यावर जे टिकलं ते त्या कळपाचं. माझी एक कोंबडी उचलून ही बुसरा की नाही असं विचारणं म्हणजे एका वाक्यावरून बोली ठरवण्यासारखं आहे. अंदाज बांधता येतो. खात्री करायची तर अख्खं गाव ऐकावं लागतं.

आणि त्या टापूवर काय ओढवलं होतं? फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नवापुरातच. तिथे मोठमोठ्या पोल्ट्री होत्या. लाखो पक्षी मारले गेले आणि आजूबाजूच्या घरांतल्या कोंबड्याही त्यात गेल्या. पुढच्याच महिन्यात आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातही तो सापडला. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तेच. रोग पसरू नये म्हणून हे करावंच लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण पोल्ट्रीवाला पुढच्या वर्षी कंपनीकडून तीच पिल्लं परत आणू शकतो. डोंगराकाठच्या आजींनी ती "घरची कोंबडी" कुठून आणायची? तिची हॅचरी म्हणजे शेजारणीचं अंगण. तेही त्याच दिवशी रिकामं झालेलं असतं.

२०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या मागच्या गणनेपेक्षा शेकडा ४६ ने वाढून ३१ कोटींच्या वर गेल्या. आकडा चांगला आहे. पण त्या वाढीत जुन्या जाती किती, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. योजनांमधून वनराज, गिरिराज अशा सुधारित पक्ष्यांची पिल्लं वाटली जातात. ती लवकर वाढतात, अंडी दुपटी-तिपटीने देतात, घरात चार पैसे आणतात. त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. फक्त त्या सहसा खुडूक बसत नाहीत. मग पुढच्या वेळी पिल्लं विकत आणावी लागतात. आईच्या हिशोबात हीच अडचण होती. "हिला एकवीस दिवस बसवली का घरचं बेणं तयार," ती म्हणायची. अंड्यांचे आणि पिल्लांचे पैसे घरात तिचे एकटीचे असतात. त्यांचा हिशोब बाबा विचारत नाहीत आणि ती सांगत नाही.

मी फोटो टाकायला लागल्यावर एका ओळखीच्या पोराने सुचवलं, "बुसरा नावानं विक ना. रेअर म्हण. पन्नासला एक अंडं जाईल." त्याचं गणित चुकीचं नव्हतं. कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि नावाला भाव आला. पाठोपाठ २०१९ मध्ये इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण बाहेर आलं, राज्यभरच्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कोंबडी तीच होती, काळी, चांगली. बाजार मात्र नावाचा भरला होता. माझ्या कोंबड्यांत शेजारच्या दांडग्याचं रक्त आहे हे मला ठाऊक असताना मी तो शिक्का मारणार नव्हते. कुणी विचारलं तर सांगते : आज्या नवापूरकडच्या, बाप गावातला.

नावांच्या बाबतीत आमचं गाव तसंही अनुभवी आहे. १७२४ च्या ऑक्टोबरमध्ये निजाम-उल-मुल्कने इथे मुबारिझखानाचा पराभव केला. हैदराबादच्या निजामशाहीचा पाया याच लढाईने घातला. विजयाची आठवण म्हणून त्याने गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं. गावाने ते कागदावर राहू दिलं आणि आपलं तोंड गोडच ठेवलं.

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत मानमोडी आली. शहरात तिला राणीखेत म्हणतात. हिरवी हगवण, मग मान वाकडी, मग गोल गोल फिरणं. आठ दिवसांत एकोणीसमधल्या पंधरा गेल्या. मावशीच्या कोंबड्यांपैकी घरात एकही उरली नाही. मी पक्षी पुरत होते आणि फोनमध्ये त्यांचे फोटो होते. त्या दिवशी ते फोटो मला काहीच कामाचे वाटले नाहीत.

वाचवलं ते आईच्या एका जुन्या सवयीने. तिने आधीच्या दिवाळीत दोन तलंगा आणि एक कोंबडा आत्याकडे अर्धलीने दिले होते. पक्षी आपला, सांभाळ त्यांचा, पिल्लं अर्धी अर्धी. आत्याचं घर शेतात, गावापासून लांब. रोग तिथवर गेला नाही. पावसाळा सरल्यावर आत्याने आमच्या वाट्याची सात पिल्लं आणून दिली. पाचांच्या पाठीवर ठिपके होते.

लस तेव्हाही होतीच. पहिल्या आठवड्यात डोळ्यात एक थेंब, एवढंच काम. पण कुपी असते निदान शंभर पक्ष्यांची, थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. बारा पिल्लांसाठी कोण फोडतो? आता गल्लीतल्या बायका कोंबड्या साधारण एकाच सुमारास खुडूक बसवतात, म्हणजे पिल्लंही एकाच आठवड्यात निघतात. मी दवाखान्यातून बर्फाच्या डब्यात कुपी आणते आणि सकाळी सात ते नऊ घरोघर थेंब घालत फिरते. माझ्या सगळ्या अभ्यासाचा गावाला झालेला उपयोग एवढाच, आणि तो मला पुरेसा वाटतो.

बुसरा टिकायची ती नवापूर-साक्रीकडच्या अंगणांतच टिकेल, साखरखेर्ड्यात नाही. इथे आहे तो तिचा एक फाटा. पण तो टिकवायची रीत मला तिकडच्याहून वेगळी वाटत नाही. सध्या ठिपक्यांच्या अकरा कोंबड्या पाच घरांत आहेत, सगळ्या अर्धलीने. आत्याकडचा कोंबडा यंदा आमच्याकडे आलाय आणि आमचा पलीकडच्या आळीत गेलाय, म्हणजे भावंडं भावंडांत वाढू नयेत. कुणाची कुठे, हे आईच्या तोंडपाठ आहे. मी ते वहीत उतरवून घेतलंय. वहीवर नाव काय घालू विचारलं, तर ती म्हणाली, "मावशीच्या कोंबड्याच लिही माय. नाईतर उद्या वाटा मागायला कोणी ओळखायचं नाही."