पवनारला नेलेली गुंडी

खामगावात कापूस सगळ्यांना दिसतो, सूत कुणालाच दिसत नाही. दिवाळी उलटली की जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकतात, चहाच्या टपरीवर भावावरून वाद रंगतात. मग सरकी निघते, रुई 170 किलोच्या गाठीत दाबली जाते आणि गाव सोडून जाते. अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांचं लक्ष वऱ्हाडाकडे वळलं. 1870 साली जलंब-खामगाव रेल्वेच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथे आला. ही शाखा जेमतेम तेरा किलोमीटरची. इथला कापूस लवकर बंदरावर पोचावा म्हणून घातलेली. तेव्हापासून या गावाची कापसाशी ओळख रुईपर्यंतच आहे. धागा दुसरीकडे कुठेतरी होतो.

मी तो घरात काढते. शेगाव तालुक्यातल्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून गावरान कापूस आणते. त्याच्या बांधालगतच्या दोन तासांत अजून तो पेरला जातो. पाटावर कापूस ठेवून वरून लोखंडी सळई फिरवायची. सरकी पुढे निसटते, रुई मागे राहते. मग ती हाताने मोकळी करून, पिंजून तिचे पेळू वळायचे. गावरान कापसाचा तंतू आखूड आणि जाडसर. बीटी वाणांचा लांब तंतू मशीनला सोयीचा, तो कातायलाही सोपा. पेळू सैल सुटला तरी सावरून घेतो. आखूड तंतू तशी सवलत देत नाही. डाव्या हाताची ओढ आणि उजव्या हाताचा फेर यांचा मेळ क्षणभर चुकला तरी तार चातीजवळ तुटते. म्हणूनच मला तो आवडतो.

पण घरात एकटीनं कातताना एक अडचण कायम राहते. आपलं सूत कसं उतरलंय हे आपल्याला कळत नाही. काळ्या कापडावर तार धरून जाडबारीक बघता येतं, गुंडी हातातून सैल सोडून ती स्वतःभोवती किती वळते यावरून पीळ कळतो. तरीही रोज तेच सूत हाताळून बोटं त्याला सरावतात आणि त्यांना सगळंच बरोबर वाटू लागतं. दुसऱ्या कातणाऱ्याची बोटं त्यावरून फिरायला हवीत. माझ्या गल्लीत तशी बोटं नाहीत. म्हणून मी 12 फेब्रुवारीला पवनारला जाते.

1948 साली याच तारखेला पवनारजवळ धाम नदीत गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन झालं. त्या दिवशी नदीकाठी सर्वोदय मेळावा भरतो आणि माणसं स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी घेऊन येतात. ही सूतांजलीची कल्पना विनोबांची. वर्षाला प्रत्येकाची एकच गुंडी. ती विकत आणून चालत नाही. गुंडी म्हणजे 640 तार, एक तार चार फुटांची. सरळ पसरली तर पाऊण किलोमीटरहून लांब भरते. माझं सूत 12 नंबरचं, त्यामुळे गुंडीचं वजन 38 ग्रॅमच्या आसपास असतं. श्रीमंताला यात जास्त देता येत नाही आणि गरिबाला कमी द्यावं लागत नाही, हा हिशेब मला फार मोठा वाटतो. विनोबांनी नालवाडीत टकळी हातात घेऊन दिवसाचे तासन्‌तास कातून पाहिलं होतं, निव्वळ कताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का हे तपासायला. इतरांना कातायला सांगण्याआधी हा माणूस आपल्याच खांद्याला त्याची झळ किती लागते ते बघत होता.

‘एवढ्याशा सुतासाठी एवढं लांब कशाला, कुरिअर करून टाक,’ असं घरी दर वर्षी म्हणतात. मी पहाटे शेगावहून विदर्भ एक्स्प्रेस पकडते. सोबत कुणी नसतं आणि मला ते हवंही नसतं. सोबतीला माणूस असलं की गप्पा होतात, टकळी पिशवीतच राहते.

अकोला अंधारातच मागे पडतं. बडनेऱ्याच्या आसपास उजाडलं की मी कातायला घेते. पेटीचरख्याला जागा लागते. येरवड्याच्या तुरुंगात घडलेलं ते पुस्तकासारखं मिटणारं यंत्र कितीही आटोपशीर असलं तरी गर्दीच्या डब्यात मांडता येत नाही. टकळीला मांडी पुरते. खिडकीबाहेर तुरीचं कुटार, वाळलेली पऱ्हाटी, मधूनच हरभऱ्याचा हिरवा पट्टा. गाडीच्या हिसक्यांशी हात जुळायला थोडा वेळ लागतो, मग टकळी आपली गिरकी घेत राहते.

या वर्षी समोर एक शेतकरी बसले होते, पुलगावला उतरणारे. बराच वेळ बघून म्हणाले, ‘‘ताई, हे काय करून राह्यल्या?’’

मी पेळू त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, चिमटीनं थोडे तंतू ओढून बोटावर लांबी पाहिली आणि म्हणाले, ‘‘हा तं गावरानी होय. आमचा बाप लावे.’’ कापसाची एवढी पारख शहरातल्या कापडाच्या दुकानात क्वचित भेटते. मग त्यांनी तारेकडे बोट केलं. ‘‘तोडून पाहू?’’

‘‘पाहा की.’’

त्यांनी दोन्ही हातांत धरून खेचली. तार बोटात रुतली आणि मग तुटली. तिच्या खुणेकडे ते पाहत राहिले. ‘‘इतका कापूस वेचला जल्मभर,’’ एवढंच म्हणाले आणि पुन्हा पेळू मागून घेतला. पुलगाव येईपर्यंत मी त्यांना टकळी फिरवायला शिकवत होते. त्यांची तार वीतभरही टिकत नव्हती. पण उतरताना त्यांनी एक पेळू मागितला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

वर्ध्याहून ऑटोनं पवनार गाठलं तेव्हा प्रार्थना संपत आली होती. मेळावा लहान. भाषणं होतात, ती मी ऐकतेही, पण माझा जीव सामूहिक कताईत असतो. सतरंज्यांवर चरखे आणि टकळ्या घेऊन माणसं बसतात, बहुतेक माझ्याहून वयानं मोठी. इतक्या चात्या एकत्र फिरतात तेव्हा बोलण्याची गरज आपोआप कमी होते. मात्र शेजाऱ्याच्या हाताकडे नजर जातेच: कुणी पेळू चिमटीत घट्ट धरतं, कुणी बोटांत जेमतेम टेकवतं, कुणी आधी तार लांबवून मग पीळ भरतं, कुणी दोन्ही एकदम करतं. पुस्तकात हे फरक सापडत नाहीत.

माझी गुंडी शेजारच्या काकूंनी हातात घेतली. चष्मा न लावता, बोटांनीच. थोडी ताणली, सोडली, एका जागी अंगठा फिरवून थांबल्या. ‘‘ही अर्धी उन्हाळ्यातली आहे का गं?’’

होती. मे महिन्यात आमच्याकडे हवा इतकी कोरडी असते की तंतू एकमेकांना धरत नाहीत. तार पुन्हापुन्हा तुटते आणि सांधे वाढतात. काकूंना ते सांधे बोटाला लागले होते. ‘‘खिडकीला ओलं फडकं लाव, पेळू माठाजवळ ठेव. आणि या कापसाला बाराच्या पुढे ओढू नकोस, त्याची ताकद तेवढीच.’’ मग त्यांची गुंडी त्यांनी माझ्या हातात दिली. वीस नंबरच्या आसपासची असावी, लांब तंतूच्या कापसाची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी. मी त्यात उन्हाळा शोधत होते, सापडला नाही.

असं कुणीतरी आपलं सूत वाचावं, त्यातला ऋतू ओळखावा, यासाठी मी वर्षभर थांबलेली असते. सरकारी बक्षिसं, प्रदर्शनं, हातमागाच्या जाहिराती यांनी कताई टिकेल असं मला वाटत नाही. 1929 साली चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी 1 लाखाचं बक्षीस लावलं होतं, तेव्हाचे लाख रुपये. यंत्रं आली, किर्लोस्करवाडीलाही एक घडलं, पण बक्षीस कुणाच्या हाती पडलं नाही. पुढे अंबर चरखा आला आणि उत्पादन वाढलं, हे खरं. मला त्या खटपटींचा आदर आहे. पण बोटांची पारख यंत्राबरोबर येत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि त्यासाठी दोन माणसं एका सतरंजीवर बसावी लागतात.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता, म्हणून वर्ध्यात मगन संग्रहालयात डोकावले. गांधीजींच्याच हस्ते 1938 मध्ये सुरू झालेल्या या वास्तूत चरख्यांचे कितीतरी प्रकार ठेवलेले आहेत. पाहण्यासारखे आहेत, मात्र ते स्थिर आहेत. मी लवकर बाहेर पडले.

परतीच्या गाडीत काकूंनी दिलेले त्यांचे दोन पेळू कातून पाहिले. लांब तंतू, हात सवयीनं घाईत फेर देत होता आणि तार नको तितकी पिळली जात होती. मूर्तिजापूरपर्यंत फेर कमी करत करत हात जागेवर आला. शेगावला उतरल्यावर घरी फोन केला आणि जिनिंगच्या गल्लीतल्या त्या दोघी शिक्षिकांनाही, ज्या मला कधीपासून ‘आम्हाला दाखवा ना’ म्हणत होत्या. रविवारी दुपारी या म्हटलं, कापूस मी देईन, येताना एकेक पाट घेऊन या.